आईला कुणी विचारलं का?

"काय गं, भाऊ कसा आहे?"

सुट्टीत मिरजेला घरी गेले की स्टेशनपासून आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत हा प्रश्न मला किमान तीनदा ऐकू येतो. मीही ठरलेलं उत्तर देते, "छान आहे." माझा धाकटा भाऊ चौदा वर्षांचा आहे आणि त्याला ऑटिझम आहे, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. विचारणारी माणसं मनाने चांगलीच आहेत. पण "आई कशी आहे?" असं गेल्या दहा वर्षांत कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. आणि खरं सांगायचं तर मी स्वतःही विचारलं नव्हतं.

मित्रांनो, आधीच कबूल करते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी निबंध म्हटलं की अजून पोटात गोळा येतो. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. पण हा विषय मला इंग्रजीत लिहिताच येणार नाही, कारण हे सगळं आमच्या घरात मराठीतच घडलं.

ऑटिझमला मराठीत 'स्वमग्नता' म्हणतात. हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला थोडा रागच आला. माझा भाऊ स्वतःत मग्न वगैरे नसतो. उलट आपण ज्याकडे दुर्लक्ष करतो ते सगळं त्याला जोरात ऐकू येतं. कुकरची शिट्टी झाली की तो कानांवर हात घट्ट दाबतो. गणपतीत ढोल सुरू झाले की आतल्या खोलीत पांघरुणात शिरतो. बोलतो मोजकं, पण मिरज जंक्शनवर थांबणाऱ्या गाड्या त्याला पाठ आहेत आणि कोयना एक्सप्रेस लेट झाली की त्याचा पूर्ण दिवस बिघडतो. मेंदूची वाढच वेगळ्या पद्धतीने होते, त्यामुळे हे असं असतं. हा ताप नाही, गोळी घेऊन उतरायला. पण नीट शिकवलं, स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी वेळेवर मिळाली तर अशी मुलं खूप काही शिकतात. आमचा आता स्वतःचं ताट स्वतः वाढून घेतो. हे शिकायला दोन वर्षं लागली, आणि ती दोन वर्षं रोज त्याच्या शेजारी आई उभी होती.

हे फक्त माझ्या घरचं रडगाणं आहे असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ सालासाठीचा अंदाज आहे की जगात साधारण १२७ माणसांमागे एक जण ऑटिस्टिक असतो. अडीच हजार माणसांत सरासरी वीस. म्हणजे आपल्या कॉलेजमध्येही असं घर असलेली मी एकटीच नसणार. बाकीचे बोलत नाहीत एवढंच.

आता मूळ मुद्द्यावर येते. मागच्या सेमिस्टरला ऐन सबमिशनच्या आठवड्यात बाबांचा फोन आला, "आई स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. घाबरू नकोस, पण ये." जर्नल्स रूममेटच्या गळ्यात मारली आणि रात्रीच्या गाडीने निघाले. आईचं बी.पी. १९० च्या वर गेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कधीपासून बंद आहेत?" आई म्हणाली, "सात-आठ महिने झाले असतील."

मी भडकलेच. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव! आख्ख्या सांगली जिल्ह्यातून, कर्नाटकातूनही पेशंट मिरजेला येतात आणि आमच्या आईला गोळ्या लिहून आणायला सवड नाही? त्यावर ती शांतपणे म्हणाली, "अगं, तिथे नंबर लावून दोन तास बसावं लागतं. याला घेऊन बसता येत नाही. याला सोडून जाता येत नाही. मग जाऊ कधी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाबांची ड्युटी शिफ्टची. मी पुण्यात. आणि खोटं कशाला बोलू, पुण्याला अ‍ॅडमिशन मिळाली तेव्हा घरातून सुटल्याचा मला थोडा आनंदही झाला होता.

आई चार दिवस अ‍ॅडमिट होती. पहिल्या दिवशी भाऊ जेवलाच नाही. दारात उभा राहून एकच वाक्य म्हणत राहिला, "आई किती वाजता येणार?" दुसऱ्या दिवशी त्याने भिंतीवर डोकं आपटून घेतलं. नातेवाईक भेटायला आले, शहाळी आली, सफरचंदं आली. प्रत्येक जण जाताना म्हणाला, "काही लागलं तर हक्काने सांगा हं." मी एका काकांना हक्काने सांगितलं, "दोन तास भावाजवळ बसाल का? बाबांना आंघोळ करून थोडं झोपू दे." काकांना लगेच एक काम आठवलं. माझा त्यांच्यावर राग नाही. ते घाबरले होते. याच्याशी कसं वागायचं हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आम्हीसुद्धा नाही.

आपण इंजिनिअर लोक 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' शिकतो. ज्या सिस्टिममध्ये एक भाग बंद पडला की सगळं बंद पडतं, ते डिझाइन वाईट. ओरलला आपण हे घडाघडा म्हणून दाखवतो. आणि घरी? शाळा, थेरपी, जेवण, आंघोळ, झोप, सगळं एकाच माणसावर, आणि त्या माणसाला बॅकअप नाही, मेंटेनन्स नाही. वर आपण त्याला कौतुकाने म्हणायचं, "आई ना ती, आईला कसला कंटाळा!" मला या वाक्याची आता चीड येते. हे वाक्य म्हटलं की बाकी सगळे सुटतात.

त्यात आईलाच दोषी धरायची सवय फार जुनी. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. त्यानंतर कित्येक वर्षं तिकडचे मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते की आया थंड स्वभावाच्या असतात म्हणून मुलं अशी होतात. अशा आयांना 'रेफ्रिजरेटर मदर' असं नावसुद्धा पडलं होतं! १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने पुस्तक लिहून हे खोडून काढलं. त्याचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. आज हे स्पष्ट आहे की यात जनुकांचा वाटा मोठा आहे आणि आईच्या मायेशी याचा काही संबंध नाही. लसीमुळे ऑटिझम होतो असं म्हणणारा १९९८ चा पेपरसुद्धा 'लॅन्सेट'ने २०१० मध्ये मागे घेतला. पण आमच्याकडे अजून लग्नकार्यात कुणीतरी हळूच म्हणतं, "ही तेव्हा नोकरीला जायची ना, म्हणून..." आईने नोकरी सोडून बारा वर्षं झाली. ते मात्र कुणाच्या लक्षात नाही.

कायदे, योजना नाहीत असं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याआधी १९९९ मध्ये नॅशनल ट्रस्टचा कायदा झाला. त्यांच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. चांगलं आहे, पण तो विमा मुलाचा. मुलाला सांभाळणारीचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने अशा पालकांसाठी जे प्रशिक्षण तयार केलंय, त्यात मुलाशी खेळायचं कसं, बोलायचं कसं याच्या बरोबरीने पालकांनी स्वतःची काळजी कशी घ्यायची हासुद्धा भाग आहे. म्हणजे आईचं बी.पी. हा मुलाच्या उपचारांतलाच विषय आहे. मला हे आई पडल्यावर कळलं.

आई घरी आल्यावर मी एक काम केलं. एका कागदावर भावाचं 'युजर मॅन्युअल' लिहिलं. (हसू नका, चांगलं वर्कआउट झालं!) छोटी वाक्यं बोला. एका वेळी एकच गोष्ट सांगा. कुकर लावण्याआधी त्याला सांगा. तो ओरडायला लागला तर हात धरू नका, आवाज कमी करा आणि थांबा. गाड्यांची वही जवळ ठेवा. तो कागद घेऊन शेजारच्या काकूंकडे गेले. पहिल्या दिवशी काकू आमच्याकडे दहा मिनिटं बसल्या, आई आतल्या खोलीत होती. मग अर्धा तास. एकदा तो ओरडला आणि काकू घाबरून घरी गेल्या. दोन दिवसांनी स्वतःहून परत आल्या. आता मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळचा दीड तास तो काकूंकडे असतो. बाबांनीही ड्युटी बदलून रविवार सकाळ स्वतःकडे घेतली आहे. आईच्या गोळ्या सुरू आहेत. पहिल्या शुक्रवारी तिला विचारलं, "काय केलंस गं?" म्हणाली, "काही नाही. नुसती बसले."

यात पैसा लागला नाही. एक कागद लागला आणि एक धीट काकू.

पुढचा प्रश्न मोठा आहे. "आमच्यानंतर याचं कोण?" असं आई-बाबा म्हणतात आणि माझ्याकडे बघतात. भाऊ अठरा वर्षांचा झाला की नॅशनल ट्रस्टच्या कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. माझी तयारी आहे. पण मी एकटी त्याची दुसरी आई होणार असेन, तर ते पुन्हा तेच वाईट डिझाइन झालं. मला माझ्याबरोबर अजून चार माणसं हवी आहेत, आणि ती आत्तापासून तयार करायला हवीत.

म्हणून तुम्हाला विनंती. तुमच्या गल्लीत, बिल्डिंगमध्ये असं एखादं घर असेलच. तिथे सहानुभूती घेऊन जाऊ नका, सफरचंदंही नकोत. आठवड्यातला एक तास द्या. पहिल्यांदा त्या आईलाच विचारा, याच्याशी कसं वागायचं ते शिकवाल का? तुम्ही घाबराल, चुकाल, चालेल. आमच्या काकूही घाबरल्या होत्या.

आणि जाता जाता त्या आईला विचारा, "तुमची तब्येत कशी आहे?" विचारून लगेच निघू नका. उत्तर यायला थोडा वेळ लागतो, सवय नसते ना.