तारेवरची कसरत

शीर्षक वाचून कुणाला वाटेल, सबमिशनच्या आठवड्यावर लेख आहे. तसं नाही! ही कसरत माझ्या दातांची आहे आणि तार खरीखुरी आहे. टी.ई.ची पहिली टर्म नुकतीच सुरू झाली होती, तेव्हा मला ब्रेसेस लागल्या. "आता? विसाव्या वर्षी?" हा प्रश्न निम्म्या हॉस्टेलने विचारून झालाय. शाळेत असताना घरी जमलं नाही, आता जमलं, एवढंच त्याचं उत्तर. दात मोठेपणीही सरकतात.

आधीच कबूल करते, माझी शाळा कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सुधारले असतील, मतं मात्र माझी आहेत.

पहिल्या दिवशी क्लिनिकमधून आले तेव्हा काहीच दुखत नव्हतं. मी रूमवर ऐटीत सांगितलं, "उगाच बाऊ करतात लोक." रात्री नऊच्या सुमारास चपातीचा पहिला घास चावला आणि डोळ्यांत पाणी आलं. ब्रेसेसचं असंच असतं. तार बसवल्यावर काही तासांनी ठणका सुरू होतो, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो आणि साधारण आठवड्याभरात ओसरतो. हे मला आता माहीत आहे. तेव्हा वाटलं, दोन वर्षं हे असंच!

खरं तर यामागचं इंजिनिअरिंग भारी आहे. एस.ई.ला मटेरियल सायन्समध्ये आपण 'शेप मेमरी अलॉय' मार्कांपुरतं पाठ करतो ना, तेच. निकेल-टायटॅनियमचा हा मिश्रधातू अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत तयार झाला आणि 1970च्या दशकात दातांवर आला. वाकवलेली तार आपल्या मूळ आकारात परत जायला बघते आणि जाता जाता दातांना हलकेच ढकलते. दाब पडतो त्या बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवीन तयार होतं. वेग महिन्याला साधारण एक मिलिमीटर! जास्त जोर लावला म्हणून दात लवकर सरकत नाही, उलट मुळाला इजा होते. थोडा पण सतत जोर, हेच त्यातलं तत्त्व.

असो. थिअरी झाली, आता प्रॅक्टिकल.

दुसऱ्या दिवशी मी मेसच्या काकांना विचारलं, "काका, थोडा मऊ भात मिळेल का?" काका म्हणाले, "सिक डाएट पाहिजे तर रेक्टर मॅडमची चिठ्ठी आण." मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "डॉक्टरांचं सर्टिफिकेट आण. तू आजारी आहेस का?" मी खरं तेच सांगितलं, "नाही मॅडम." विषय संपला. क्लिनिक शहराच्या दुसऱ्या टोकाला आणि त्या दिवशी दुपारी प्रॅक्टिकल.

तीन दिवस मी चहात बिस्किटं बुडवून काढले. तिसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये चालू लेथसमोर उभी असताना गरगरलं. शेजारच्या मुलीने हात धरून मागे ओढलं म्हणून बरं. सरांनी विचारलं तर मी म्हणाले, "काही नाही सर, झोप झाली नाही." का? कारण 'दात दुखतात' हे कारण मला लेथपुढे फारच क्षुल्लक वाटलं.

रात्री रूममेटला सांगितलं. ती आधी चिडली, "अगं, सांगायचंस ना!" आणि मग हळूच म्हणाली की, फर्स्ट इयरला तोंड आलं होतं तेव्हा तीही आठवडाभर दह्यावर होती. मग मी विंगमध्ये विचारत गेले. एकीची अक्कलदाढ, एकीची ॲसिडिटी, एकीला पाळीत दोन दिवस जेवणच जात नाही. सगळ्या गप्प! आपल्या हॉस्टेलला माणसाच्या दोनच अवस्था माहीत आहेत. एक ठणठणीत, दुसरी ॲडमिट. मधल्यांसाठी फॉर्मच नाही.

नियम मूर्खपणाचा आहे असं मी म्हणत नाही. सिक डाएटच्या नावाखाली ताट रूमवर नेणारे आपल्यातच आहेत. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार कुणाला! पण माझी मागणी सिक डाएटची नाहीच. रात्री एका पातेल्यात मऊ खिचडी असावी, ज्याला हवी त्याने चपातीऐवजी घ्यावी, चिठ्ठी नको. तांदूळ आणि डाळ रोज शिजतेच. थोडं पाणी जास्त आणि दहा मिनिटं गॅस जास्त, एवढाच खर्च. "मग सगळेच खिचडी घेतील," असं काका म्हणतात. पण ज्याचे दात शाबूत आहेत तो चपाती-भाजी सोडून रोज मऊ खिचडी खाईल, हे मला तरी पटत नाही.

दुसरी गोष्ट बोलण्याची. ब्रेसेस लागल्या की सुरुवातीला 'स' आणि 'श' शिट्टी मारतात. त्यात माझं मराठी आधीच चेष्टेचा विषय. टर्मच्या शेवटी ओरलला मी तोंडावर हात धरून उत्तरं देत होते. एक्स्टर्नल म्हणाले, "कॉन्फिडन्स नाही का?" या वेळी मात्र बोलले, "सर, दातांना तार आहे, शब्द नीट येत नाहीत." ते म्हणाले, "मग सावकाश सांग, घाई नाही." एका वाक्याचं काम होतं! वर्कशॉपमध्ये तेच वाक्य मी गिळलं होतं.

आता ज्यांना तार लागणार आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करा, गालाला पडलेल्या फोडांना आराम पडतो. ब्रॅकेट घासत असेल तर त्यावर डेंटिस्टकडचं मेण लावा. तारेचं टोक टोचत असेल तरी मेणच लावा आणि डेंटिस्टला फोन करा, वर्कशॉपची पक्कड तोंडात घालू नका (मोह होतो!). गोळी डेंटिस्टला विचारूनच घ्या. मी जळगावची, त्यामुळे केळी आणि भरीत यांनी मला तारलं. भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली तर चालते. पेरू बारीक कापून खा. चिक्की, ऊस आणि कडक चकली विसरा. पारदर्शक रबरं घेऊ नका, मेसच्या हळदीने दोन दिवसांत पिवळी होतात. आणि जेवल्यावर बेसिनपाशी ब्रश करताना मागची रांग हसली तर हसू दे.

दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, अशी म्हण आहे. आमच्याकडे दोन्ही आहेत, मध्ये फक्त चिठ्ठी आहे. मेस कमिटीला मी खिचडीचा अर्ज दिलाय. उत्तर आलेलं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा देईन, त्याच्या पुढच्या महिन्यातही. थोडा पण सतत जोर, हे मी तारेकडूनच शिकले. तोवर तुमचं काही दुखत असेल, तर ते कितीही छोटं असलं तरी कुणाला तरी सांगा. निदान लेथसमोर उभं राहण्याआधी.

— टी.ई. मेकॅनिकल, मुलींचे वसतिगृह