गर्दी मोजता येते



मारामारी, ढकलाढकली, ओढाओढी, चेंगराचेंगरी. मराठीतले हे सारे शब्द एकाच साच्यातले आहेत. मारामारीत दोघेही मारतात. तशी चेंगराचेंगरीत माणसे एकमेकांना चेंगरतात, असे आपण नकळत गृहीत धरतो. म्हणूनच अशी दुर्घटना घडली की दुसऱ्या दिवशी घरोघरी एकच वाक्य ऐकू येते, "आपल्या लोकांना शिस्तच नाही!" माझ्या मते हे वाक्य बहुतेक वेळा चूक असते. ते का चूक आहे, हे निदान नाशिककरांना तरी माहीत असायला हवे, कारण २०२७ साली गोदावरीच्या काठी पुन्हा सिंहस्थाची पर्वस्नाने आहेत.

२७ ऑगस्ट २००३ रोजी, त्या वर्षीच्या सिंहस्थात, पंचवटीत रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर ३९ माणसे मृत्युमुखी पडली आणि शंभराहून अधिक जखमी झाली. कुणीतरी नाणी उधळली आणि ती वेचायला लोक वाकले, अशी हकिकत तेव्हा वर्तमानपत्रांत आली होती. ती खरी धरली तरी एक प्रश्न उरतोच. मोकळ्या मैदानात नाणी उधळली असती, तर ३९ माणसे मेली असती का? फार तर चार-दोन गुडघे फुटले असते. मग नाणी हे निमित्त झाले. कारण वेगळे आहे. विज्ञानाच्या भाषेत त्या कारणाचे नाव घनता.

घनता तुम्ही पदार्थविज्ञानात शिकला आहात. तिथे ती वस्तुमान भागिले आकारमान अशी असते; इथे माणसे भागिले क्षेत्रफळ. एका चौरस मीटरमध्ये दोन माणसे असली तर ती आरामात चालतात. चार झाली की खांद्याला खांदा लागतो. सहा-सातच्या घरात घनता गेली, की तुमचे पाय तुमचे राहत नाहीत. मागून आलेला रेटा जसाच्या तसा पुढे जातो, आणि माणसांचा समूह एखाद्या द्रवासारखा वागू लागतो. जॉन फ्रुइन या अमेरिकन अभियंत्याने अशा दुर्घटनांनंतर वाकलेल्या लोखंडी कठड्यांवरून हिशेब केला, तेव्हा तो जोर ४५०० न्यूटनांहून अधिक निघाला. म्हणजे जवळजवळ साडेचारशे किलो वजन अंगावर यावे तसा! त्यात कुणी एकाने मुद्दाम ढकललेले नसते. शेवटच्या रांगेतला माणूस थोडासाच पुढे सरकतो. पुढे काय चालले आहे ते त्याला दिसतही नाही. पण असे हजारो 'थोडेसे' एकत्र येतात.

यावरचे एक ताजे संशोधन मोठे गमतीचे आहे. स्पेनमधील पाम्प्लोना शहरात दरवर्षी सान फर्मिन उत्सवाच्या आरंभी सुमारे ५००० माणसे एका चौकात जमतात. चौक साधारण ५० मीटर लांब आणि २० मीटर रुंद; घनता किती झाली ती तुम्हीच काढा. फ्रान्समधील डेनिस बार्तोलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गर्दी उंचावरून अनेक वर्षे चित्रित केली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आपले निष्कर्ष 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. घनता चौरस मीटरला चारच्या पुढे गेली, की शेकडो माणसे आपल्याही नकळत एकदम वर्तुळाकार डुलू लागतात आणि सुमारे १८ सेकंदांत एक फेरा पुरा होतो, असे त्यांना आढळले. जर्मनीतील डुइसबुर्ग येथे २०१० साली एका संगीत महोत्सवात २१ जणांचा बळी गेला होता. त्या वेळच्या चित्रफितीतही याच प्रकारचे डुलणे सापडले. म्हणजे धोका येण्याआधी गर्दी स्वतःच इशारा देते, फक्त तो वाचणारा कुणीतरी हवा.

आता वैद्यकाकडे वळू. अशा गर्दीत माणसे पायाखाली तुडवली जाऊन मरतात, असा समज आहे. प्रत्यक्षात पुष्कळ जण उभ्या उभ्याच जातात. श्वास घेताना बरगड्या वर उचलल्या जातात, श्वासपटल खाली सरकते आणि छातीचा पिंजरा फुलतो. चारी बाजूंनी दाब आला तर पिंजरा फुलायला जागाच उरत नाही. हवा सभोवती भरपूर असते, पण ती आत घेता येत नाही! म्हणून गर्दीत सापडल्यास हात मुष्टियोद्ध्यासारखे छातीसमोर धरावेत, रेट्याच्या विरुद्ध झगडू नये, रेटा ओसरला की तिरपे तिरपे कडेला सरकावे, आणि पडलेली वस्तू उचलायला कधीही वाकू नये. चप्पल गेली तर जाऊ द्या.

पण हे झाले आग लागल्यावर पळण्याचे शास्त्र. आगच लागू नये म्हणून काय करायचे? एक हिशेब करून पाहू. सपाट रस्त्यावर एक मीटर रुंदीतून मिनिटाला फार तर ८२ माणसे जाऊ शकतात, असे ब्रिटनमधील क्रीडांगणांच्या सुरक्षा-मार्गदर्शिकेत धरले आहे. समजा, नदीकाठी ४०० चौरस मीटरची एक जागा आहे. बाहेर पडायची वाट दोन मीटर रुंद, म्हणजे मिनिटाला १६४ माणसे बाहेर जातील. आत येताहेत मिनिटाला ३००. दर मिनिटाला १३६ माणसे साचली. दहा मिनिटांत घनता ३.४, पंधरा मिनिटांत ५.१, आणि वीस मिनिटांत ६.८! दहाव्या मिनिटाला तिथे उभा असलेला पोलीस शिपाई 'गर्दी ठीक आहे' असेच म्हणेल. डोळ्याला ती ठीकच दिसते. धोका दिसतो तो वजाबाकीत.

'आज इतके लाख भाविक' असे आकडे सिंहस्थात रोज छापून येतात. मला त्यांचा फारसा उपयोग वाटत नाही. लाखांचा आकडा कुणाला मारत नाही. कुठल्या ठिकाणी, किती वाजता, किती चौरस मीटरवर, हे कळायला हवे.

ही वजाबाकी नाशिकमध्ये खरोखर करून पाहिली गेली, आणि करणारा मुलगा तुमच्याच वयाचा होता. मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतील एमआयटीमध्ये प्राध्यापक असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने, २०१५ च्या सिंहस्थाआधी, 'कुंभथॉन' नावाने विद्यार्थी, अभियंते आणि डॉक्टर यांची शिबिरे इथे भरत होती. त्यातूनच निलय कुलकर्णी या मुलाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'आशिओतो' नावाची चटई बनवली. आशिओतो म्हणजे जपानी भाषेत पावलांचा आवाज. चटईत दाब ओळखणारे संवेदक बसवलेले. माणूस वरून गेला की नोंद होते आणि ती इंटरनेटवरून लगेच नियंत्रण कक्षाला कळते. यात्रेकरूच्या अंगावर काहीही बांधायचे नाही, हा तिचा मोठा गुण. त्या सिंहस्थात १८ तासांत सुमारे पाच लाख माणसांची मोजणी तिने केली. त्याच सिंहस्थात तात्पुरत्या दवाखान्यांत वैद्यकीय विद्यार्थी रुग्णांच्या तक्रारी टॅब्लेटवर नोंदवत होते. एखाद्या भागात जुलाबाचे रुग्ण एकाएकी वाढले तर ते त्याच दिवशी कळावे, हा हेतू. पावले मोजा की रुग्ण मोजा, विचार एकच.

मात्र चटई म्हणजे जादू नव्हे. कळलेल्या आकड्यावर कुणीतरी हुकूम द्यावा लागतो, आणि तोही गर्दीपासून दूर मागे, जिथून माणसे अजून येताहेत तिथे. दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथे इतेवॉन भागातल्या एका चिंचोळ्या गल्लीत २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री झालेल्या दुर्घटनेत १५९ जण गेले. त्यात बहुतेक तरुण मुलेमुली होती. गर्दी जीवघेणी होते आहे असे सांगणारे दूरध्वनी पोलिसांना त्याआधी कित्येक तास येत होते. इतक्या प्रगत देशात हे झाले. तेव्हा २०२७ साठी माझी मागणी साधी आहे. प्रत्येक घाटाची आणि प्रत्येक वाटेची क्षमता आधी जाहीर करावी, आणि दर पाच मिनिटांचे आकडे नंतर सर्वांना अभ्यासासाठी खुले करावेत. ते दडवून ठेवण्यासारखे त्यात काही नाही.

शिक्षकांना एक विनंती. वर्गाबाहेर खडूने एक मीटरचा चौरस काढा आणि त्यात एकेक मुलगा उभा करत चारपर्यंत जा. पुढे जाऊ नका. मग शाळा सुटताना फाटकाच्या दोन्ही बाजूंना एकेक विद्यार्थी बसवा आणि दर मिनिटाला किती जण बाहेर पडतात ते दोघांनाही स्वतंत्रपणे मोजू द्या. फाटकाची रुंदी पट्टीने मोजा आणि भागाकार करून पाहा. पहिल्या दिवशी दोघांचे आकडे जुळायचे नाहीत. ते का जुळले नाहीत, तेही वहीत लिहून ठेवा.