उंबरठ्याबाहेरचा पाहुणा

बार्शी नाक्यावरून शाळेतून परतणाऱ्या मुलांनी पावसाळ्यात एका दुपारी कुत्र्याचे पिल्लू गोणपाटात घालून आमच्या दारात आणून ठेवले. दीड-दोन महिन्यांचे असेल. मागच्या पायावरून दुचाकीचे चाक गेलेले. दादींनी आतूनच आवाज दिला, "हात नक्को लगाओ रे उसकू, अस्र का वखत हो रा!" मुलांनी हात कधीच लावला होता. धाकट्याच्या अंगठ्यावर दाताचा ओरखडाही उमटला होता.

आधी तो ओरखडा. साबण लावून वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटे धुतला. हळद, चुना, तिखट यांतले काहीही लावू दिले नाही. मग जिल्हा रुग्णालयात रेबीजची लस. एवढ्याशा पिल्लाला कुठला रेबीज, असे गल्लीतले दोघे-तिघे म्हणाले. वाचक भगिनींनो, पिल्लालाही रेबीज होतो, आणि माणसात त्याची लक्षणे दिसू लागली की मग जवळजवळ कोणीच वाचत नाही. म्हणून पहिल्या सुईवर थांबायचे नाही, पुढच्या तारखाही पाळायच्या.

पिल्लाला उचलताना जुनी ओढणी तोंडाभोवती सैल गुंडाळली. घाबरलेला जीव चावतोच, त्यात त्याचा दोष नाही. पाय ओढून सरळ करायच्या भानगडीत न पडता त्याला पुठ्ठ्यावर सरकवून खोक्यात ठेवले. घरातली दुखण्याची गोळी द्यावी असे कुणीतरी सुचवले. माणसांच्या त्या गोळ्या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात, म्हणून ते टाळले. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टरांनी पायाला पट्टी बांधली. (आपल्या राज्यात जनावरांच्या उपचारासाठी 1962 हा टोल-फ्री क्रमांक आहे, तो घरात लिहून ठेवावा.) निघताना डॉक्टरांनी विचारले, "पाय जुळेल तीन-चार आठवड्यांत. तोवर ठेवणार कुठे?"

प्रश्न तोच होता. घरात कुत्रे पाळायचे नाही, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. तेवढेच ठाऊक असते, ही आमची तक्रार आहे. तहानेने चिखल चाटणाऱ्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरलेल्या माणसाची हदीस बुखारीत आहे. त्याने आपल्या पायातल्या मोज्यात पाणी भरले, तो दातांत धरला, वर चढून आला आणि कुत्र्याला पाणी पाजले. अल्लाहने त्याला माफ केले. ही हदीस आपण मुलांना दर वर्षी सांगतो. पण एक गोष्ट आमच्या त्या दिवशी प्रथम लक्षात आली. त्या माणसाने कुत्रे घरी नेले, असे कुठेही आलेले नाही. त्या जिवाला जे हवे होते तेवढे त्याने केले. पाळणे आणि वाचवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली होत नाही म्हणून दुसरीही टाळायची, ही सवय आपण आपली आपणच लावून घेतली आहे.

लाळ लागली तर ती जागा आणि कपडा धुवायचा, म्हणजे नमाजची अडचण राहत नाही. भांड्याला तोंड लागले तर हदीसमध्ये सात वेळा धुण्याचे आले आहे, हनफी आलिमांनी तीन वेळा पुरेसे मानले आहे. बाकीचे बारकावे आपापल्या आलिमांना विचारावेत. पण साबण-पाण्याने सुटणाऱ्या गोष्टीसाठी एक जीव रस्त्यावर सोडायचा का? दादींनीच तोडगा काढला. असहाब-ए-कहफचे कुत्रे गुहेच्या उंबरठ्याशी पाय पसरून बसले होते, असे कुरआनात आहे. हेही तिथेच बसेल. फाटकाजवळ पत्र्याच्या आडोशाला खोके गेले. त्याची वाटी वेगळी, आणि घासायची पाळी मुलांची.

निवारा शोधायचे काम त्यानंतर सुरू झाले, आणि आमचा बराच भ्रमनिरास झाला. आमची समजूत अशी, की फोन केला की गाडी येते. आपल्या जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यात तागडगावला 'सर्पराज्ञी' हे केंद्र आहे. सोनवणे दांपत्याने उभारलेले. तिथे जखमी वन्यप्राणी आणि पक्षी यांची देखभाल होते. कुत्रे काही वन्यप्राणी नव्हे. 2001च्या केंद्रीय नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असावी आणि शासनाने तिला दवाखाना व निवाऱ्यासाठी जागा द्यावी, असे आहे. कागद चांगला आहे. दुसऱ्या शहरातल्या एका निवाऱ्याने स्पष्ट सांगितले, की जागा भरली आहे. शिवाय लस न झालेले पिल्लू गर्दीत आणले तर पार्व्होने दगावेल, इथे पाय वाचेल आणि जीव जाईल. आम्हाला राग आला होता, पण तो माणूस खरे बोलत होता. पार्व्होत रक्ताचे जुलाब होतात आणि लहान पिल्ले पटापट जातात. म्हणून निवाऱ्याला विचारताना पिल्लांसाठी वेगळी जागा आहे का आणि लस कधी देता, हे आधी विचारावे.

त्याच शिरूर कासार तालुक्यातल्या दहिवंडीच्या शब्बीर सय्यद यांना 2019 साली पद्मश्री मिळाली, ती गुरे सांभाळल्याबद्दल. शब्बीरमामूंनी भाकड, म्हातारी, दुबळी जनावरे आयुष्यभर पोसली. दूध विकायचे नाही, शेणखत विकून चालवायचे. बैल द्यायचा तो शेतकऱ्यालाच, आणि त्याच्याकडून न झेपला तर परत आणून द्यायचा, या बोलीवर. पुरस्काराचा फोटो सगळ्यांनी फिरवला. पण दुष्काळी तालुक्यात रोज शंभराच्या वर तोंडांना वैरण कुठून आणायची, हे फोटोत दिसत नाही. आमच्या एका पिल्लाने महिन्याभरात घर दमवले, तेव्हा आम्हाला त्याचा थोडा अंदाज आला.

पट्टी सुटली. पाय जुळला, पण किंचित वाकडा. भटक्या कुत्र्यांविषयी 2023चे नियम नसबंदी आणि लस करून त्याच जागी सोडायला सांगतात. हे पिल्लू अजून नसबंदीच्या वयाचे नव्हते, आणि त्याची जागा म्हणजे वाहनांचा नाका. लंगड्याला तिथे परत सोडणे आम्हाला जमेना. शेत आणि कळप राखण्यासाठी कुत्रे ठेवायला हदीसमध्ये मुभा आहे, म्हणून आम्ही शेळ्या पाळणाऱ्यांकडे विचारणा सुरू केली.

पाटोद्याकडचे एक जण तयार झाले. आम्ही पहिला प्रश्न विचारला तो ऊसतोडीचा. दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातली गावे रिकामी होतात, आणि कोयता खांद्यावर घेऊन गेलेल्या माणसांच्या दारातली कुत्री उन्हाळ्यापर्यंत कुणाच्या भाकरीवर जगतात, हे कोणी विचारत नाही. ते गृहस्थ म्हणाले, "आम्ही जातो कारखान्यावर. पण म्हातारे अन् शेळ्या इथंच राहतात. म्हाताऱ्याला रात्रीला सोबत पाहिजेच."

पहिली लस टोचून, जंताचे औषध देऊन, पुढच्या लसीच्या तारखेची चिठ्ठी खोक्याला चिकटवून आम्ही ते दिले. नसबंदीचा खर्च आमचा, हेही ठरले. धाकटा रडला नाही, पण वाटी सोबत द्यायला तयार नव्हता. दादींनी ती धुवून फाटकाजवळ पालथी घालून ठेवली आहे. मागच्या जुम्याला पाटोद्याहून फोन होता: लसीला नेले होते, रात्री कोल्ह्यावर भुंकते, शेळीच्या पिल्लांत झोपते. म्हाताऱ्यांनी त्याचे नाव काय ठेवले, हे विचारायचे राहून गेले.