क्षयरोगाचे औषध स्वस्त झाले. वस्तीपर्यंत पोहोचते का?

रबाळे एमआयडीसीत औषधे तयार होतात. त्याच ठाणे-बेलापूर पट्ट्यात कंत्राटी कामगार दाटीवाटीच्या खोल्यांत राहतात. पण कारखाना जवळ असला म्हणून औषध रुग्णाच्या हाती पडतेच असे नाही. क्षयरोगाच्या औषधांची अलीकडची कहाणी हेच सांगते.

नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर बेडाक्विलिन हे महत्त्वाचे औषध आहे. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने दुसरे पेटंट मागून आपली मक्तेदारी 2027 पर्यंत लांबवायचा प्रयत्न केला. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी 2019 मध्ये त्याला हरकत घेतली. दोघी क्षयरोगातून वाचलेल्या. पण जुन्या औषधांच्या दुष्परिणामांनी दोघींची श्रवणशक्ती हिरावली होती. मार्च 2023 मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. जुलैमध्ये मूळ पेटंटही संपले आणि भारतीय कंपन्यांचा मार्ग मोकळा झाला.

प्रश्न सुटला का? नाही. मार्च 2024 मध्ये साध्या क्षयरोगाच्या औषधांचाच तुटवडा पडला. केंद्राने राज्यांना तीन महिन्यांपुरती स्थानिक खरेदी करायला सांगितले. ही औषधे जुनी, स्वस्त, पेटंटमुक्त होती. म्हणजे अडले ते खरेदी आणि पुरवठ्याच्या नियोजनात. उपचारात खंड पडला की जंतू औषधाला जुमानेनासे होतात, आणि रोजंदारी बुडवून केंद्रावर चकरा मारणे गरीब रुग्णाला परवडत नाही.

तथागतांनी दुर्लक्षित आजारी भिक्खूची शुश्रूषा स्वतः केली. करुणा ही अशी कृतीत दिसते. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, 1943 मध्ये कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अदारकर यांच्याकडे सोपवले गेले. त्यातूनच 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. कामगाराचा उपचार हा उपकार नसून त्याचा हक्क आहे, हा त्यामागचा विचार.

म्हणून विहारात जमणाऱ्या तरुणांनी हे काम हाती घ्यावे. वस्तीतल्या रुग्णांना महिन्याचे औषध पूर्ण मिळाले का, हे विचारा. पोषणासाठीचे दरमहा 1000 रुपये खात्यात आले का, कंत्राटी कामगाराचे विमा कार्ड निघाले का, हे पाहा. साठा संपला तर माहिती अधिकारात अर्ज करा. दोन रुग्ण मुली बड्या कंपनीला अडवू शकल्या. मग आपल्या आरोग्य केंद्राला जाब विचारणे आपल्याला जड जाऊ नये.

जय भीम!