दात हलण्याआधी हाड हलतं

आमच्या खालाजान दस्तरख्वानावर बसल्या की भाकरी सालनात भिजवूनच खातात. समोरचे दात हलतात, हिरड्यांतून रक्त येतं. ‘डॉक्टरांकडे चला,’ म्हटलं तर त्यांचं ठरलेलं उत्तर, "नको. दात साफ केले की ढिले होतात." शाळेच्या स्टाफरूममध्येही आम्ही हेच ऐकतो. म्हणून या वेळी त्याबद्दल.

दात रोवलेला असतो जबड्याच्या हाडात. हे हाड जिवंत असतं. काही पेशी जुनं हाड झिजवतात, काही नवं घालतात. झिजवणाऱ्या पेशी तयार व्हायला ‘रँकल’ नावाचं प्रथिन लागतं. ही किल्ली कुलपात बसली की झीज सुरू. पण शरीराने रखवालदारही ठेवला आहे, ‘ऑस्टिओप्रोटेजेरिन’. तो किल्ली वाटेतच धरून ठेवतो. १९९७ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची ओळख जगाला करून दिली.

दातांवर साचलेल्या थरातल्या जंतूंमुळे हिरडी सुजते. त्यांच्याशी लढायला आलेल्या आपल्याच पांढऱ्या पेशी रँकल वाढवतात. किल्ल्या जास्त, रखवालदार कमी. हाड झिजत जातं, तेही बहुधा न दुखता.

साफ केल्यावर दात ढिला वाटतो, कारण कीटण निघाल्यावर आधीच झिजलेल्या हाडाची पोकळी उघडी पडते. सफाईने हाड जात नाही, उलट सूज उतरून झीज थांबायला मदत होते. गेलेलं हाड मात्र आपोआप भरून येत नाही.

मिस्वाक असो वा ब्रश, हिरडीच्या कडेपर्यंत हळुवार फिरवावा. कडक झालेलं कीटण त्याने निघत नाही, ते डॉक्टरांनीच काढावं. साखर आटोक्यात नसेल तर हा आजार बळावतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना रक्त कमी येतं, म्हणून तो लपून राहतो. घरात कुणाला ठिसूळ हाडांसाठी ‘डेनोसुमॅब’चं इंजेक्शन चालू असेल, तर दात काढण्याआधी डॉक्टरांना जरूर सांगा. ते रँकललाच अडवतं, आणि क्वचित जबड्याची जखम भरत नाही.

खालाजान अखेर आल्या. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, समोरचा एक दात वाचणार नाही, बाकीचे वाचतील. परतताना खालाजान रिक्षात म्हणाल्या, "बेटा, हे दहा वर्षांआधी का नाही सांगितलंस?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं.