दरडीखालचा जमाखर्च

जुलै २००५ च्या अखेरच्या आठवड्यात महाड तालुक्यातील जुई व दासगाव, ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण, २२ जुलै २०२१ रोजी पुन्हा महाडातीलच तळिये, आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी. या साऱ्या तारखा जुलैच्या उत्तरार्धातील आहेत, हा योगायोग नव्हे. महिनाभराच्या पावसाने डोंगरउतारावरील माती आणि मुरूम पाणी पिऊन जड झालेला असतो. खालच्या कठीण कातळात ते पाणी सहज शिरत नाही. मग दोन-तीन दिवसांची झड लागली की वरचा थर सुटतो. यात गूढ असे काही नाही.

परंतु त्याच पंधरवड्याची दुसरी बाजू अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने पाहिली पाहिजे. जुलै हा भाताच्या आवणीचा महिना. डोंगराळ भागातील कुटुंबाचे वर्षाचे धान्य या दोन-तीन आठवड्यांतील श्रमावर अवलंबून असते. नेमक्या याच वेळी तहसील कचेरीची नोटीस येते, की गाव धोकादायक आहे, सुरक्षित स्थळी जावे. कोठे जावे? बहुधा शाळेच्या दोन खोल्यांत. गुरे कोणी पाहावयाची, रोप कोणी लावावयाचे, बुडालेली मजुरी कोण देणार, याविषयी नोटिशीत अवाक्षर नसते. मग लोक हलत नाहीत आणि आपण शहरात बसून त्यांना अडाणी ठरवितो. वस्तुतः ते चोख हिशेब करीत असतात. दरड कोसळण्याची शक्यता एखाद्या वर्षीची. आवणी चुकली तर उपासमार निश्चित. या हिशेबात चूक काढण्याचा अधिकार महिन्याच्या एक तारखेस वेतन घेणाऱ्या आपणांस कितपत आहे?

इर्शाळवाडीचे उदाहरण अधिक बोलके आहे. तीन दिवसांत तेथे ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचे विधिमंडळात सांगण्यात आले. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, हेही तेथेच सांगण्यात आले. यादीत ती यावी तरी कशी? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २०१४ पासून हाती घेतलेले दरडप्रवणतेचे राष्ट्रीय नकाशे १:५०,००० या प्रमाणाचे आहेत. म्हणजे अर्धा किलोमीटर मुलूख कागदावर एका सेंटिमीटरात मावतो. ठाकरांची चाळीस-पंचेचाळीस घरे त्यावर पेन्सिलीच्या टिंबाएवढीही होत नाहीत. प्रदेशाचे धोरण आखावयास असा नकाशा उपयोगी, एखादी वाडी हलवावयास नव्हे. त्यासाठी माणसाने उतार चढून भेगा पाहिल्या पाहिजेत, झाडे कलली आहेत काय, झऱ्याचे पाणी गढूळ झाले आहे काय, हे विचारले पाहिजे.

त्या वाडीस मोटाररस्ता नव्हता, म्हणून ढिगारा उपसावयास यंत्रे नेता आली नाहीत. २७ मृतदेह सापडले. ५७ जण बेपत्ता राहिले आणि २३ जुलैला शोध थांबविण्यात आला. मृताच्या वारसांस पाच लाख रुपये जाहीर झाले. ८४ जणांस हा दर लावला तर ४ कोटी २० लाख होतात, म्हणजे घरामागे सुमारे दहा लाख. एवढ्या रकमेत प्रत्येक कुटुंबास सपाटीवर साधे, पक्के घर आधीच बांधून देता आले असते. जमिनीचा प्रश्न अर्थातच उरतो, आणि तोच अवघड आहे. पायथ्याच्या सपाट जमिनींचे भाव मुंबई-पुण्याच्या पैशाने केव्हाच आदिवासींच्या आवाक्याबाहेर नेले आहेत, आणि वरती वनखात्याची हद्द. सरकारने स्वतः जमीन संपादन केल्याखेरीज हा गुंता सुटणार नाही.

पैसा नाही, ही सबब मात्र आता टिकत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्तिनिधीचे दोन भाग केले: शंभरातील ऐंशी मदतकार्य, पुनर्बांधणी व सज्जतेसाठी, वीस आपत्तीचे निवारण करण्यासाठी. विभागणी उलटी असावी असे आमचे मत आहे. तूर्त वीस हे वीस तरी डोंगरावर पोहोचावेत. त्यातून पहिला खर्च स्थलांतर-भत्त्याचा व्हावा: धोक्याच्या वाडीतील प्रत्येक कुटुंबास चार आठवड्यांची मजुरी, गुरांसाठी चारा व छप्पर, आणि आवणीसाठी दिवसा शेतावर जाण्याची मुभा. ही रक्कम जूनच्या पहिल्या आठवड्यात हाती पडली, तर जुलैतील नोटीस लोक निदान वाचतील.