दहा रुपयांचा गुन्हा

प्राण्यांवरच्या क्रूरतेला प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० सालचा आहे. क्रूरता कशाला म्हणायचं याची लांबलचक यादी त्याच्या अकराव्या कलमात आहे. मारणं, लाथ घालणं, उपाशी ठेवणं, आखूड साखळीला तासन्‌तास बांधून ठेवणं या अपेक्षित गोष्टी तिच्यात आहेतच. पण मध्येच एक ओळ येते, ती मी दोनदा वाचली. जो कुत्रा कायम बांधलेला किंवा कोंडलेला असतो, त्याला पुरेसा व्यायाम न देणारा मालकही या कायद्याने गुन्हेगार ठरतो. गाय, घोडा, मांजर यांच्या मालकांना ही अट नाही. ती फक्त कुत्रा पाळणाऱ्यांना आहे.

पहिल्या गुन्ह्याला दंड किती? कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५०. आमच्या सोसायटीत गाडी चुकीच्या जागी लावली तर यापेक्षा जास्त पैसे जातात.

मी वाकडला राहतो, हिंजवडीत कोड लिहितो. घरी भिंगरी नावाची गावठी कुत्री आहे, बांधकामाच्या साइटवरून आलेली. तिला घेऊन रोज दोनदा बाहेर पडतो, त्यामुळे आसपासचे बहुतेक कुत्रेवाले मला ओळखतात आणि मी त्यांच्या कुत्र्यांना. त्या ओळखीवर सांगतो, आमच्या भागात या कलमाखाली रोज सकाळी वसुली सुरू केली तर महापालिकेला चांगलं उत्पन्न मिळेल.

‘आम्ही फिरवतो की रोज,’ असं सगळेच म्हणतात. त्यातलं बरंचसं फिरवणं मी पाहिलेलं आहे. लिफ्टने खाली, गेटबाहेरचं पहिलं झाड, कुत्र्याने पाय वर केला की लिफ्टने वर. एकूण आठ मिनिटं, त्यातली दोन लिफ्टची वाट बघण्यात. मालकाच्या एका हातात दोरी, दुसऱ्यात मोबाइल. कुत्रा कुठे थांबून वास घ्यायला लागला की दोरीला हिसका. याला फिरवणं म्हणत नाहीत, संडासला नेऊन आणणं म्हणतात. मग दिवसभर तो बाल्कनीत. संध्याकाळी सोफ्याचा कोपरा फाटलेला सापडतो, बेल वाजली की तो पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारतो, आणि आपण कौतुकमिश्रित तक्रार करतो, ‘आमचा ना, फार हट्टी आहे.’

हट्टी नाही हो. रिकामा आहे.

आपण जे कुत्रे विकत आणतो ते कशासाठी घडवलेले आहेत हे एकदा बघा. हस्की सैबेरियातल्या चुक्ची लोकांनी बर्फावरून गाड्या ओढण्यासाठी घडवला. लॅब्रेडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर गार पाण्यात उड्या मारून जाळी आणि मासे ओढून आणायचे. बीगल सशाचा माग काढत मैलोन्‌मैल पळण्यासाठी आणि पळताना ओरडण्यासाठीच निवडला गेला. जर्मन शेफर्ड नावाप्रमाणेच मेंढपाळाचा कुत्रा. लांब कशाला जायचं, आपल्या मराठवाड्यातला कारवानी बघा. मोकळ्या माळावर सशामागे धावणाऱ्या या कुत्र्याच्या अंगावर चरबीचा कण दिसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसाने कुत्र्याच्या रक्तात काम भरलं. आता आपण काम काढून घेतलंय आणि रक्त तसंच आहे. हस्की टू बीएचकेमध्ये दुपारभर रडतो, यात त्याचं काय चुकलं?

मग ट्रेनर येतो. आमच्या भागात एक प्रकार फार चालतो: कुत्रा वीस-पंचवीस दिवस ट्रेनरकडे ठेवायचा आणि ‘तयार’ करून परत आणायचा. गाडी सर्व्हिसिंगला देतात तसा. माझ्या शेजारच्या इमारतीतल्या काकांनी त्यांचा हस्की असाच पाठवला होता. ‘अरे, वीस दिवसांत सरळ करून देतो म्हणालाय,’ ते मला म्हणाले. कुत्रा परत आला आणि खरंच सरळ होता. ट्रेनरसमोर बस म्हटलं की बसायचा, थांब म्हटलं की थांबायचा. काकांसमोर चार दिवस बसला, पाचव्या दिवशी पुन्हा सोफा. कारण कुत्रा शिकतो तो माणूस, जागा आणि सवय यांच्यासकट शिकतो. तिकडच्या अंगणात त्या माणसाकडून शिकलेलं इकडच्या हॉलमध्ये काकांच्या आवाजावर आपोआप चालू होत नाही. शिकायचं काकांनाही होतं, आणि काका त्या वीस दिवसांत एकदाही तिकडे गेले नव्हते.

इथे मला माझ्याच व्यवसायातल्या लोकांचा विशेष राग येतो. मशीन लर्निंगमध्ये ‘रीइन्फोर्समेंट लर्निंग’ नावाची शाखा आहे. चांगल्या कृतीला बक्षीस द्यायचं, प्रोग्रॅम हळूहळू चांगली कृती निवडायला शिकतो. तिचा पाया घालणाऱ्या अँड्र्यू बार्टो आणि रिचर्ड सटन यांना २०२४ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं तेव्हा आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला. ही कल्पना मुळात आली कुठून? प्राण्यांकडून. एडवर्ड थॉर्नडाइकने १८९८ मध्ये मांजरांना पेट्यांत ठेवून दाखवलं की ज्या कृतीनंतर हवं ते मिळतं ती कृती प्राणी पुन्हा करतो. पुढे स्किनरने त्यावर आयुष्य घातलं. कॅरन प्रायर डॉल्फिनना शिकवत होती. पाण्यातल्या डॉल्फिनला दोरी बांधता येत नाही, काठी दाखवता येत नाही, त्यामुळे शिट्टी आणि मासे एवढ्यावरच भागवावं लागायचं. तीच पद्धत १९८४ च्या तिच्या पुस्तकातून कुत्रेवाल्यांपर्यंत पोचली.

म्हणजे जो इंजिनिअर दिवसभर मॉडेलला कोणत्या कृतीचं किती बक्षीस द्यायचं यावर डोकं खाजवतो, तो संध्याकाळी घरी येतो, दुपारी फाटलेली उशी बघतो आणि पेपरची गुंडाळी करून कुत्र्याला हाणतो. चार तासांपूर्वीच्या कृतीची शिक्षा आत्ता! ऑफिसात असा कोड लिहिला तर रिव्ह्यूमध्येच परत येईल. कुत्र्याला कृती आणि परिणाम यांची सांगड घालायला काही सेकंदांचं अंतर चालतं, तासांचं नाही. त्याच्या लेखी घडतं ते एवढंच, की मालक दारातून आला आणि मार बसला. पुढच्या वेळी तुम्हाला बघून तो कान पाडतो, अंग चोरतो. तुम्ही म्हणता, ‘बघा, कळतंय त्याला चूक केली ते.’ त्याला तुमचा चेहरा कळतोय.

या सगळ्याला शास्त्राचा मुलामा देणारा शब्द म्हणजे ‘अल्फा’. कुत्र्याला दाखवून द्या बॉस कोण आहे, आधी तुम्ही जेवा, दारातून आधी तुम्ही बाहेर पडा, ऐकलं नाही तर उताणा पाडून दाबून धरा. रील्सवर हे अजून धडाक्यात चालतं. याचं मूळ रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकाच्या १९४७ च्या निबंधात आहे, आणि त्याने पाहिले होते बंदिवासात एकत्र कोंबलेले लांडगे. डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे ‘अल्फा’ घराघरात गेला. पुढे रानातले लांडगे वर्षानुवर्षं बघितल्यावर याच मीच यांनी १९९९ मध्ये लिहिलं की लांडग्यांचा कळप म्हणजे साधं कुटुंब असतं, आईबाप आणि त्यांची पिल्लं. स्वतःचं गाजलेलं पुस्तक छापणं थांबवा, असं प्रकाशकाच्या मागे लागणारा लेखक विरळाच, मीच लागले. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली, की प्रत्येक कुत्र्याला बक्षिसावर आधारित पद्धतीनेच शिकवावं. विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांवर वेल्समध्ये २०१० पासून बंदी आहे. आपल्याकडे काटेरी गळपट्टा घातलेला लॅब्रेडॉर मला दर आठवड्याला दिसतो.

‘मग काय, कुत्र्याने काहीही करावं आणि आपण बिस्किटं देत बसायचं?’ हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेलाय. अजिबात नाही. शिस्त हवीच. रस्ता ओलांडताना थांबलाच पाहिजे, बोलावल्यावर आलाच पाहिजे, तोंडातली वस्तू सोडलीच पाहिजे. या तीन गोष्टींवर त्याचा जीव अवलंबून आहे. पण त्या रोज पाच-पाच मिनिटं, तुमच्याच हातून, तुमच्याच आवाजात शिकवाव्या लागतात. आणि अंगातली रग जिरलेल्या कुत्र्याला शिकवावं लागतं. दिवसभर कोंडलेल्या कुत्र्याला ‘बस’ शिकवणं म्हणजे मधल्या सुट्टीची घंटा झाल्यावर वर्गात पाढे घेण्यासारखं आहे.

रग जिरवणं म्हणजे नुसतं पळवणंही नाही. कुत्र्याचं जग नाकात असतं. खांबाशी दोन मिनिटं थांबून तो त्या गल्लीची सकाळची बातमी वाचत असतो. ती वाचू द्या. निरोगी, तरुण लॅब्रेडॉरला दिवसाला तासाभराच्या आत भागत नाही. पिल्लांना आणि म्हाताऱ्यांना कमी लागतं, पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर उन्हात पळवणं जिवावर बेततं. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकूनच गार होतो. एप्रिल-मेमध्ये हाताची पालथी बाजू डांबरावर सात सेकंद ठेवून बघा. चटका सहन होत नसेल तर त्याच्या पंज्यांनाही होत नाही. फिरून आलात की कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा, गोचीडतापाने कुत्रे मरतात. रस्त्यावर दोरी सोडू नका, तुमचा कुत्रा कितीही गुणी असला तरी समोरच्या टँकरला ते माहीत नसतं. पाऊस असेल तर घरातच जेवण जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवा आणि शोधू द्या. याला फार्महाऊस लागत नाही. वेळ लागतो.

वेळेचा विषय निघाला की दुसरा उपाय पुढे येतो: पैसे देऊन मुलगा लावणे. आमच्याकडे एक कॉलेजचा पोरगा पाच कुत्रे एकदम फिरवतो. त्याला नावं ठेवणार नाही, त्याला मिळणाऱ्या पैशांत तो हेच करू शकतो. पण ज्या प्राण्याला तुम्ही इन्स्टाग्रामवर ‘माझं बाळ’ म्हणता, त्याच्याशी दिवसातला सगळ्यात आनंदाचा तास कोणीतरी परका घालवतो, हे तुम्हाला खटकत नाही? नामदेवांची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले. भक्तीचं राहू द्या, निदान ते स्वतः धावले!

सोसायट्यांच्या कमिट्याही यातून सुटत नाहीत. कुत्र्याने लॉनवर यायचं नाही, मेन लिफ्ट वापरायची नाही, मग तो भुंकला की त्याचीही नोटीस. कुत्र्यांना लिफ्टबंदी करता येत नाही, असं भारतीय पशू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. मालकांनी घाण उचलावी, कुत्रा दोरीला धरून न्यावा, हेही त्यांच्याकडून अपेक्षित आहे. मालकांना यातला पहिला भाग पाठ असतो आणि कमिटीला दुसरा. कुत्र्याला जागा नाकारली की भुंकणं वाढतं, भुंकणं वाढलं की जागा आणखी नाकारली जाते. मध्ये सापडतो तो कुत्रा.

आणि तो शेवटी जातो कुठे, हेही बोलायला हवं. काकांचा हस्की आता त्यांच्याकडे नाही. ‘ओळखीच्यांच्या फार्महाऊसवर दिला, तिथे मोकळा धावतो,’ असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. मागच्या पावसाळ्यात मुळशीकडे गेलो होतो तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून बघून आलो. गेटजवळ पत्र्याखाली, चार फुटी साखळीला तो बांधलेला होता. राखणीला. अंगावरच्या केसांचे गठ्ठे झाले होते. मला बघून तो भुंकलासुद्धा नाही. राखणदार म्हणाला, ‘दिवसभर झोपून असतो, साहेब. काही कामाचा नाही.’

‘फार्महाऊसवर दिला’ हे वाक्य ऐकलं की मी आता विचारतो, कुठल्या? साखळी किती लांब आहे? तुम्हीही विचारा. आणि घरात पिल्लू आणायचं ठरत असेल, तर जात, किंमत, रंग यांच्या आधी घरातल्या प्रत्येकाला विचारा, पुढची दहा-बारा वर्षं, पावसात, परीक्षेत, रिलीजच्या आठवड्यात, सकाळी सहाला कोण उठणार आहे? एकाचंही नाव निघालं नाही तर आणू नका. नाव निघालं तर त्या माणसाने उद्या सकाळपासूनच उठून, कुत्र्याविना, महिनाभर तेवढं चालून दाखवावं. जमलं तर मग पिल्लू बघायला जा.